क्रमांक एकच, जगणे वेगळे : देशांच्या तुलनेत जबलपूर कोठे?

जबलपूर : संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश एकाच पायरीवर आहेत. १९३ देशांच्या यादीत दोघांचाही क्रमांक १३० आणि निर्देशांक ०.६८५ आहे. ही आकडेवारी २०२३ या वर्षाची आहे. दोन्ही देशांतील जीवनमान सारखेच आहे, असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. देशाची सरासरी आपल्या गावाला लागू पडते, असे मानणे त्याहून अधिक चुकीचे ठरेल. मध्य प्रदेशातील जबलपूरसारख्या शहरातून पाहिले असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

मानव विकास निर्देशांक १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने अस्तित्वात आला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न हे त्याचे तीन घटक असून २०१० पासून त्यांचा भूमितीय मध्य काढला जातो. उत्पन्न डॉलरमध्ये दिलेले असले तरी ते बाजारातील विनिमय दराने मोजलेले नसते. एका डॉलरला अमेरिकेत जे मिळते, ते येथे किती रुपयांत मिळते, या हिशेबाने, म्हणजे क्रयशक्तीच्या आधारे, ते काढतात. परदेशातील पुतण्याच्या पगाराला रुपयाच्या दराने गुणून थक्क होणाऱ्या कुटुंबांनी हा फरक लक्षात घेतलेला बरा.

आता दोन शेजाऱ्यांचे घटक वेगळे करून पाहू. भारताचे दरडोई उत्पन्न क्रयशक्तीनुसार सुमारे ९,०००, तर बांगलादेशाचे सुमारे ८,५०० डॉलर आहे. आयुर्मानात मात्र क्रम उलटा होतो. भारतीयाचे अपेक्षित आयुष्य ७२ वर्षे आहे आणि बांगलादेशी नागरिक त्याहून अडीच वर्षांपेक्षा अधिक जगतो. कमी पैशात अधिक आयुष्य कसे मिळाले, याच्या अनेक कारणांपैकी एक अगदी साधे आहे. ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० च्या दशकात घरोघरी गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे द्रावण अतिसार झालेल्या मुलाला कसे पाजावे, हे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतील मातांना शिकविले. उघड्यावरील शौचाची सवयही त्या देशात भारताच्या आधी मोडली.

याचा अर्थ तेथील जगणे सर्वच बाबतींत सरस आहे, असा नाही. वीस ते चोवीस वयोगटातील निम्म्या बांगलादेशी स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झालेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतात हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. आजारपणाचा ७० टक्क्यांहून अधिक खर्च तेथे रुग्णाच्या खिशातून होतो. भारतात हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. यांपैकी एकही गोष्ट ०.६८५ या आकड्यात दिसत नाही.

देशाच्या सीमेच्या आत पाहिले की चित्र आणखी बदलते. जबलपूर आणि नागपूर ही दोन शहरे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती आणि नागपूर त्याची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, तर नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. नमुना नोंदणी प्रणालीनुसार २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्यूंची संख्या महाराष्ट्रात १६, तर मध्य प्रदेशात ४३ होती. बांगलादेशाचा आकडा त्या सुमारास पंचविशीच्या आसपास होता. म्हणजे ‘परका’ देश या दोन राज्यांच्या मधोमध बसतो. मध्य प्रदेशाने पुढे सुधारणा केली, तरीही २०२३ चा ३७ हा आकडा मोठ्या राज्यांमधील सर्वाधिक आकड्यांपैकीच आहे.

दारिद्र्याच्या मोजणीतही हेच अंतर दिसते. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात मध्य प्रदेशातील गरिबांचे प्रमाण ३६.५७ वरून २०.६३ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे श्रेय राज्याला द्यायलाच हवे. महाराष्ट्रात ते याच काळात १४.८० वरून ७.८१ टक्के झाले. मध्य प्रदेशातही जबलपूर शहर म्हणजे राज्य नव्हे. उच्च न्यायालय, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, संरक्षण साहित्याचे कारखाने आणि वैद्यकीय महाविद्यालय जेथे आहे, त्या शहरात मंडला आणि डिंडोरी या आदिवासीबहुल जिल्ह्यांतून रुग्ण उपचारांसाठी येतात. २०१५-१६ च्या पाहणीत डिंडोरीतील निम्म्याहून अधिक लोक बहुआयामी दारिद्र्यात होते.

ही दरी संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबातही आहे, पण ती बातमीच्या मथळ्यात येत नाही. विषमता विचारात घेतल्यास भारताचा निर्देशांक सुमारे ३० टक्क्यांनी घसरतो.

वाचकाने कोणतीही तुलना वाचताना आकडा कोणत्या वर्षाचा आहे, हेही पाहावे. बांगलादेशाने आपली जनगणना जून २०२२ मध्ये पूर्ण केली. भारताची २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली असून नव्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे. तोवर जबलपूर असो वा डिंडोरी, जिल्ह्याच्या लोकसंख्येवर आधारलेले प्रत्येक गुणोत्तर २०११ च्या मोजणीतूनच अंदाजाने काढावे लागते.