खड्ड्याचं तोंड

घोड नदीकाठी, इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, तुम्ही उतरला आहात. १९७०चं दशक, हिवाळ्यातली सकाळ. डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८पासून चालू आहे. खड्ड्याची उभी भिंत तासून झाली. आता तिच्यावर पाणी शिंपडा. ओल धरताच रंग सुटे होतात: राखट, पिवळट, काळपट. सुकायच्या आत करणीच्या टोकाने रेघा ओढा. थरांचे क्रमांक वरून खाली. १ सगळ्यात अलीकडचा. मग आडवी दोरी, तिच्यापासून टेपने खोली आणि आलेखाच्या कागदावर ठिपके. काम कंटाळवाणंच.

शेजारी खोदणारे मामा थांबतात. "सायेब, हितं माती भुसभुशीत लागतीया."

पाचव्या थरातल्या चोपलेल्या जमिनीला भगदाड आहे. आत दोन राखाडी मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. तान्ह्या बाळाचं दफन. घाईने 'थर ५' लिहाल, तर ते मूल काही शतकं आधीच्या घरात जाईल. भगदाडाची कड वर शोधत जा. चौथा थर कापून ती तिसऱ्याच्या तळाशी संपते. खड्ड्याचं तोंड तिथे.

त्या तोंडाशी उभे राहा. आता इसवी सनपूर्व १०००च्या अलीकडे आहात, ताम्रपाषाणयुगाच्या उत्तर जोर्वे काळात. खालच्या प्रशस्त चौकोनी घराची कुणाला आठवण नाही. भोवती लहान, गोल झोपड्या, शेळ्यामेंढ्यांचा उग्र वास. पाऊस रोडावला होता, असं इथले उत्खनक ढवळीकर यांचं मत. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्यांना ते समजावून सांगावं लागणार नाही. झोपडीत एक जण खणतो आहे. हातभर गेल्यावर टणक लागतं. तो ते फोडतो. वर आलेल्या मातीत काळ्या नक्षीचं तांबडं खापर आहे, त्याच्याही आजाच्या आजाच्या आधीचं. त्याचं लक्ष नाही. मडकी ठेवून तो माती परत लोटतो, खापरासकट.

मामा तेच खापर तुमच्या हातावर ठेवतात. नक्षी देखणी आहे, म्हणूनच फसवी. तिच्यावरून दफनाचा काळ ठरवायचा नाही. चिठ्ठीवर लिहा: 'खड्डा १; थर ३ने झाकलेला, थर ४ व ५ कापणारा.' खापर त्याच चिठ्ठीच्या पिशवीत टाका आणि पुन्हा पाणी शिंपडा, भिंत सुकत चालली आहे.