मागणीनुसार मालवाहतूक म्हणजे काय? जोयड्यात ती कितपत चालेल?

जोयडा : मोबाईलवर मागणी नोंदवायची, जवळचा टेम्पो येतो, भाडं आधीच कळतं. शहरात 'पोर्टर'सारख्या कंपन्या २०१४ पासून हेच करतात; लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी २०१५ पासून 'ब्लॅकबक' आहे. एकात्मिक सेवा याच्याही पुढची. टेम्पो, बस, रेल्वे असे सगळे पर्याय एकाच ठिकाणी, हिशेबही एकच. प्रवाशांसाठी हेलसिंकीत २०१६ मध्ये 'व्हिम' ॲपने हा प्रयोग केला, पण चालवणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे ॲप चांगलं असून भागत नाही, धंदाही जमावा लागतो.

जोयड्यात खरी अडचण रिकाम्या फेऱ्याची. बेळगावची भाजी रामनगर, अनमोड घाटातून गोव्यात जाते. परतीचं भाडं मिळालं नाही तर डिझेलचा खर्च जातानाच्या मालावर पडतो. उलट आतल्या गावातल्या कुणबी शेतकऱ्याकडे मुडली किंवा दुसऱ्या कंदांची दोन-चार पोतीच असतात. तेवढ्यासाठी अख्खा 'छोटा हत्ती' ठरवला तर हातात काय उरणार? चार घरांचा माल एकत्र करून अर्ध्या रिकाम्या गाडीत भरणं, ही सेवा इथे उपयोगाची ठरेल ती त्यासाठीच.

बसचा पर्यायही आहे. राज्य परिवहनाने २०२१ मध्ये 'नम्म कार्गो' सुरू केलं. गावची बस सकाळी सुटतेच, त्यात दोन पोती चढली तर वेगळी गाडी कशाला?

कागदपत्रांचं म्हणाल तर भाड्याने माल न्यायला पिवळ्या पाटीचीच गाडी लागते. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही, त्यामुळे छोट्या टेम्पोला सीमा ओलांडणं सोपं. ५० हजारांवरच्या करपात्र मालाला ई-वे बिल हवं. ताज्या भाजीला ते लागत नाही.

अडतं ते रेंजवर. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातल्या बऱ्याच वाड्यांवर फोन लागत नाही, तिथे ॲप काय कामाचं? त्यापेक्षा रामनगर, गणेशगुडी, जोयडा इथल्या एखाद्या दुकानदाराने आदल्या संध्याकाळी मागण्या लिहून घ्याव्यात, ॲपवर त्यानेच टाकाव्यात. पावसात घाटात दरड पडली की भाडं अचानक चढतं. ते किती चढावं याची मर्यादा मात्र आधीच ठरलेली हवी. नाहीतर शेतकरी ओळखीच्या टेम्पोवाल्यालाच हाक मारणार.