मद्रासचे १९३ पेशंट

जुन्या मराठी कादंबऱ्यांमधला टीबी आठवतोय? खोकल्याची उबळ येते, रुमालावर रक्ताचा डाग दिसतो आणि पुढच्या प्रकरणात मंडळी पेशंटला घेऊन मिरजेला नाहीतर पाचगणीला निघालेली असतात. यात लेखकाची कल्पना फारशी नव्हती. मिरजेजवळ वानलेसवाडीला आणि पाचगणीत बेल-एअरला खरोखरच सॅनिटोरियम होती. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी आणि घरच्यांपासून ताटातूट. टीबीवर औषधच नव्हतं, तोवर डॉक्टरांच्या हातात एवढंच होतं.

औषध आलं आणि त्याबरोबर एक वादही आला. मला जास्त रस त्या वादात आहे, कारण तो मिटला आपल्याकडे, मद्रासमध्ये.

त्याआधी थोडं लंडन. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे डॉलरची अशी चणचण होती की औषध मोजकंच आणता आलं. सगळ्यांना पुरणार नाही हे उघड होतं. मग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीने चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली. बंद पाकिटात जे नाव निघेल तो उपचार. १०७ पेशंटपैकी ५५ जणांना औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ गेले, विश्रांतीवाल्यांपैकी १४. १९४८ मध्ये हे छापून आलं आणि आधुनिक क्लिनिकल ट्रायलची सुरुवात म्हणून आजही याचंच नाव घेतात. (विश्रांतीवाल्यांना आपण ट्रायलमध्ये आहोत हे सांगितलंच नव्हतं. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे पास करणार नाही.)

पण पाच वर्षांनी हिशेब केला तर ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ जण गेले होते. म्हणजे फरक जवळपास पुसलाच गेला. जंतू औषधाला सरावले होते. यातून धडा मिळाला की टीबीला एकटं औषध द्यायचं नाही, जोडीने द्यायचं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, तेही स्वस्तातलं आणि गोळीच्या रूपात. पीएएस नावाचं पोटात मळमळवणारं औषध आधीपासून होतंच. आता इंजेक्शनशिवाय, नुसतं तोंडाने घ्यायच्या औषधांवर टीबी बरा करणं शक्य दिसू लागलं.

मग प्रश्न आला की गोळ्याच घ्यायच्या असतील तर सॅनिटोरियम कशाला?

आज हा प्रश्न बाळबोध वाटतो. १९५० च्या दशकात तसा नव्हता. अनुभवी डॉक्टरांचं म्हणणं होतं की झोपडीत, अर्धपोटी, कामाला जुंपलेल्या माणसावर औषध चालणारच नाही, शिवाय तो घरातल्या पोराबाळांना रोग देत राहील. या म्हणण्यात गैर काहीच नव्हतं, मीही त्या काळी असतो तर हेच म्हणालो असतो. अडचण एकच होती. भारतात टीबीचे पेशंट लाखांनी होते आणि खाटा हजारांनी. सॅनिटोरियम हाच एक इलाज असेल तर बहुतेकांना इलाजच नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

१९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासला एक केंद्र काढलं. प्रमुख होते वॉलेस फॉक्स. त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ पेशंट घेतले आणि लंडनसारखीच वाटणी केली. निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी. औषध दोघांना तेच, पीएएस आणि आयसोनियाझिड, वर्षभर. घरचे पेशंट दवाखान्यात येऊन औषध घेऊन जायचे.

आपल्या भाषेत ही साधी ए/बी टेस्ट. फक्त इथे 'बी'मध्ये पडणाऱ्याच्या घरी बायको होती, लहान मुलं होती आणि सगळे एकाच खोलीत झोपत होते.

घरचा पेशंट गोळ्या घेतोय की फेकतोय हे कळणार कसं? फॉक्स यांच्या टीमने यावर बराच खल केला. न सांगता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या, लघवीत औषधाचा अंश सापडतो का ते बघायचं. माणूस बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडतो, हे तिथे पुराव्यानिशी नोंदलं गेलं. पुढे मद्रासच्याच प्रयोगांतून 'आठवड्यातून ठरावीक दिवशी या आणि आमच्यासमोर औषध घ्या' ही पद्धत आकाराला आली. आज जगभर ज्याला डॉट्स म्हणतात त्याचं एक मूळ इथे आहे.

निकाल १९५९ मध्ये आला. वर्षअखेर सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के पेशंटचा रोग शमलेला, घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. १९३ जणांच्या हिशेबात एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आणि जी भीती सगळ्यात मोठी होती तीही खरी ठरली नाही. दोन्ही गटांच्या कुटुंबांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर पेशंट घरात राहिल्यामुळे घरच्यांना टीबी जास्त झाला असं दिसलं नाही. निदान व्हायच्या आधीच जो संसर्ग व्हायचा तो होऊन गेलेला असतो आणि औषध सुरू झालं की पेशंटचा संसर्ग झपाट्याने कमी होतो, म्हणून.

यानंतर सॅनिटोरियमचे दिवस भरले. १९६२ मध्ये भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो घरी राहून औषध घेण्याच्या पायावरच. बरं होण्यासाठी वर्षभर नोकरी, शेत आणि संसार सोडून जावं लागत नाही, याचं श्रेय मी तरी या प्रयोगाला देतो.

पण या प्रयोगाची एक दुसरी बाजूही आहे. घरचे पेशंट सॅनिटोरियमवाल्यांपेक्षा कमी जेवत होते, कष्ट जास्त करत होते, त्यांचं वजनही कमी वाढलं. तरीही ते बरे झाले. १९६१ मध्ये आहारावर वेगळा पेपर निघाला आणि त्यातून अर्थ निघाला की जंतू मारायला औषध पुरेसं आहे, चांगलं जेवण त्याला अत्यावश्यक नाही. निष्कर्ष तेवढ्यापुरता बरोबर होता. मात्र पुढे तो पसरट होत 'टीबीत खाण्याचं काही एवढं नाही' इथवर पोचला. प्रोग्रामरला हा प्रकार ओळखीचा असेल. जे टेस्ट केसमध्ये घातलंच नव्हतं, तेही पास झालंय असं धरून रिलीज करायची! मद्रासने विचारलं होतं की औषध चालू असताना जेवणाने जंतू जाण्यात फरक पडतो का. उपाशी माणूस आजारी जास्त पडतो का, मरतो जास्त का, हे विचारलंच नव्हतं.

ते विचारायला २०१९ साल उजाडलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २,८०० पेशंटची कुटुंबं घेतली. त्या पेशंटपैकी पाचांतले चार कुपोषित होते. पेशंटला सगळीकडेच महिन्याला शिधा दिला. घरच्यांना मात्र निम्म्याच गटांत, पुन्हा चिठ्ठ्यांच्याच न्यायाने. घरचे म्हणजे १०,३४५ माणसं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा गेला तिथे टीबीचं नव्याने होणारं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि जंतू सापडून पक्कं निदान झालेला टीबी धरला तर ४८ टक्क्यांनी कमी. पेशंटमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी दिसला. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण वजनाची वाटणी काही चिठ्ठ्यांनी होत नाही. जो बरा होतोय त्याचं वजन तसंही वाढतं.

सरकारने २०१८ पासून टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी महिना ५०० रुपये द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. झारखंडमधल्या घरांत मात्र पैसे नाही, पिशवी गेली होती. पेशंटसाठी तांदूळ, डाळी, दूध पावडर, तेल आणि घरच्या प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ. माझं मत विचाराल तर पिशवी.