शुश्रूषा आणि मताधिकार

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा समित्या, कायदे आणि इमारती यांचीच गणना होते. रोग्याच्या उशाशी जी रात्रभर जागते तिने या इतिहासात काय मागितले, याची नोंद क्वचितच कोणी घेतो. लातूरहून अंबाजोगाईस जाणाऱ्या रस्त्यावरील रेणापूर हे रेणुकादेवीचे गाव दृष्टीपुढे ठेवून आम्ही त्या मागणीचा थोडा मागोवा घेणार आहोत. मुंबईच्या रुग्णालयांपासून आरंभ केला असता तर चित्र अधिक भरघोस दिसले असते, हे खरे. परंतु सरकारी दवाखान्यावाचून ज्यांस दुसरा आधार नाही अशी माणसे तालुक्याच्या गावीच अधिक भेटतात, आणि मताचे मोलही तेथेच नीट पारखता येते.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. पदरी पैसा नाही एवढ्याच कारणाने कोणीही उपचारांस मुकू नये, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र होते. त्या काळी सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. पण ही सारी गणती ब्रिटिश हिंदुस्थानची! रेणापूर निजामाच्या राज्यात, म्हणजे त्या हिशेबाच्याही बाहेर. इंग्लंडात १९४५ साली मतदारांनी नवे सरकार निवडले आणि ५ जुलै १९४८ रोजी तेथे सर्वांस विनामूल्य उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्याच दिवसांत मराठवाडा रझाकारांच्या दहशतीखाली होता. त्याची मुक्तता १७ सप्टेंबर १९४८ ची, आणि प्रौढ मताधिकार प्रत्यक्ष हाती आला तो १९५२ च्या निवडणुकीत. घटनेने आरोग्य हा विषय राज्यांच्या सूचीत घातल्यामुळे विधानसभेस दिलेले मत हे एका परीने दवाखान्यासही दिलेले मत ठरते. मतदाराने मात्र तसे क्वचितच मानले.

परिचारिकांनी तरी तसे का म्हटले नाही? याचे उत्तर या व्यवसायाच्या जन्मकथेत आहे. १९०९ साली पुण्यास निघालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा व निराधार स्त्रियांस ससून रुग्णालयात शुश्रूषेच्या शिक्षणास पाठविले, तेव्हा हे काम हलके नाही, पवित्र आहे, हे समाजाच्या गळी उतरविणे हाच मोठा पराक्रम होता. पण एकदा काम पवित्र ठरले की त्याचे मोल मागणे अपवित्र ठरते! ‘सिस्टर’ म्हणून हाक मारावयाची आणि भगिनीने घरच्या माणसाप्रमाणे मुकाट्याने राबावे अशी अपेक्षा ठेवावयाची, ही चाल फार काळ चालली.

ती मोडली संघटनेने. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने संप केला, तो मुख्यतः बाहेरील संस्थांकडून कंत्राटी भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध. ही मागणी केवळ पोटाची नव्हती. रुग्णालयात कायमची, जाणती माणसे असावीत ही रोग्याचीही मागणी होती. पुढच्या वर्षी, १४ ते २० मार्च २०२३ या दिवसांत, जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील सरकारी कर्मचारी संपावर गेले. त्यांत परिचारिकाही होत्या. निवृत्तिवेतनाची ही मागणी मतदानापर्यंत कशी नेता येते, हे हिमाचल प्रदेशाने २०२२ च्या निवडणुकीत नुकतेच दाखविले होते. मग आले नांदेड. तेथील शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. औषधे आणि रिक्त पदे यांची चर्चा काही आठवडे चालली. निवृत्तिवेतनासाठी जी कर्मचारीशक्ती मार्चमध्ये रस्त्यावर उतरली होती, ती ऑक्टोबरात त्या बालकांसाठी तशी उतरली नाही. हे आम्ही दोष देण्यासाठी म्हणत नाही. पण घडले ते असे.

त्याच ऑक्टोबरच्या १८ तारखेस आशा स्वयंसेविकांनी संप आरंभिला. हजार लोकवस्तीमागे एक, अशा या स्त्रिया २००५ पासून गावोगाव गरोदर स्त्रिया व बालके यांची काळजी वाहतात; सरकार त्यांस कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणते आणि वेतनाऐवजी मानधन देते. आश्वासन मिळाले, पण निर्णय निघेना. म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप, आणि फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण. अखेर मार्चच्या मध्यास पाच हजार रुपयांची वाढ मंजूर झाली, आणि १६ मार्चला लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. या दोन घटनांतील अल्प अंतर वाचकांनीच मोजावे.

मतांची भीती असली की तिजोरी उघडते, एवढे तर सिद्ध झाले. आता रेणापूरकडे वळू. हे गाव ज्या लातूर ग्रामीण मतदारसंघात येते, तेथे २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत दुसरा क्रमांक कोणा उमेदवाराचा नव्हे, तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याचा लागला. २७ हजारांहून अधिक मते त्यास पडली. जागावाटपातील रुसवेफुगवे त्यामागे होते असे म्हणतात. कारण काहीही असो. ज्या मतदारांस ‘कोणीही नको’ या एका गोष्टीसाठी एकत्र आणता येते, त्यांस ‘दवाखान्यात परिचारिका हवी’ या गोष्टीसाठी आणता येणार नाही, हे आम्हांस पटत नाही.

अमेरिकेत हा प्रयोग झाला आहे. कॅलिफोर्नियातील परिचारिकांच्या संघटनेच्या रेट्याने १९९९ साली एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत यास मर्यादा घालणारा कायदा झाला, आणि २००४ पासून तो अमलात आला. पुढे २००९ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी सर्वांस सरकारी आरोग्यविमा देऊ म्हणणाऱ्या सँडर्स यांच्या उमेदवारीस उघड पाठिंबा दिला. ते उमेदवार पडले, आणि तो विमा अद्याप आलेला नाही. परंतु मागणी मात्र घरोघरी पोहोचली.

आपल्याकडे सरकारी परिचारिकेस असा प्रचार करता येत नाही. १९७९ चे वर्तणूक नियम तिच्या आड येतात. आशाताईची गोष्ट निराळी. ती कर्मचारी नव्हे असे सरकारच इतकी वर्षे सांगत आले आहे. तेव्हा कर्मचाऱ्यांचे नियम तीस लावणे त्यास जरा जड जावे! गावातील प्रत्येक उंबरठा तिच्या ओळखीचा, कोणत्या घरी बाळंतीण आहे आणि कोणास क्षयाची गोळी चालू आहे हे तीस तोंडपाठ. ७ मे २०२४ रोजी लातुरात मतदान झाले. त्या निवडणुकीत उन्हाचा तडाखा ओळखून अनेक मतदान केंद्रांवर आशांस औषधांची पेटी देऊन बसविण्यात आले होते, आणि रांगेतील मतदार पाणी मागावयास त्यांच्याकडेच येत होते.