खिडकीआडचा गारवा

जुन्या वास्तूचा इतिहास सांगणारे बहुधा तिच्या धन्यापासून आरंभ करतात. आम्ही खिडकीपासून करतो. कारण शिरूर-दौंडच्या कोरड्या मुलखात घर राहण्याजोगे आहे की नाही, हे वैशाखात खिडकीच ठरविते.

पेशवाईतल्या वाड्याने हा प्रश्न खिडकी लहान आणि भिंत जाड ठेवून सोडविला. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ सालचा. त्याचे लाकडी कोरीवकाम लोक मान वर करून पाहतात, भिंतीची जाडी मात्र कोणी पाहत नाही. पुढे इंग्रज उंच खिडक्या घेऊन आला. शिरूरास, म्हणजे घोडनदीस, कंपनीची छावणी होती. तेथूनच ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटनची पलटण निघाली व दुसऱ्या दिवशी कोरेगावी लढली. दौंडास १८५८ साली रेल्वे आली आणि १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेला. अशा छावण्यांतून व रेल्वे-वसाहतींतून बंगल्याची जी रीत रुळली, तीत खिडकीला बाहेरून सागवानी झिलमिली, आतून काचेची तावदाने आणि हौस असेल तर वर कमानीत रंगीत काचा. झिलमिली ऊन अडवी, दोन पदरांमधली कोंडलेली हवा झळ अडवी.

तेवढ्याने साहेबाचे भागत नसे. दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लागत, भिस्ती त्यांवर पाणी मारी, आणि कोपऱ्यात बसून एक जण पंख्याची दोरी ओढी. पाणी वाळताना वाऱ्यातली उष्णता घेते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते, दौंडास ती फळते. हा गारवा मजुरीचा होता. बंगल्यांच्या वर्णनांत झिलमिली येते, भिस्ती क्वचितच येतो.

वीज आली, हे दोघे गेले, आणि पाळी खिडकीवर आली. वातानुकूलन यंत्राची थंडी फटींतून जाते म्हणून जुनी चौकटच उखडून अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवितात. आमच्या मते हा निव्वळ आडमुठेपणा आहे. सागाची चौकट गावचा सुतार दुरुस्त करू शकतो. निखळलेल्या काचेला लांबी भरावी, झडपेच्या कडेला नमद्याची पट्टी लावावी, आणि आतल्या बाजूस काचेची वेगळी, काढता येणारी चौकट स्क्रूने बसवावी. मूळ काचेवर काही चिकटवू नये. मधली ओल वाळावी म्हणून आतली चौकट अधूनमधून उघडावी. झिलमिली बुजवू तर मुळीच नये, कारण ऊन काचेबाहेरच अडले पाहिजे. ते आत आल्यावर पडदा ओढणे म्हणजे चोर घरात घेऊन कडी लावणे होय.

यात बंगल्यापुरते काही नाही. चाळीतल्या एकपदरी झडपेलाही बाहेरून वाळ्याचा पडदा आणि कडेला नमदा चालतो. आतल्या काचेचा खर्च झेपत नसेल, तर तेथे जाड गोधडीचे कापड लावावे.