मॉरे : मरियमच्या नावाचा आयरिश अदब

हजरत मरियम यांचे नाव मुस्लिम घरांत मुलींना अगदी सहज ठेवले जाते. कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री, आणि 19वी सूरह तर तिच्याच नावाची. त्याच मरियमवर अपार श्रद्धा असलेल्या आयर्लंडमध्ये मात्र कित्येक शतके मुलीला थेट हे नाव द्यायला लोक कचरत होते.

आयरिश भाषेत हजरत ईसांच्या आईचे नाव 'मुइरे'. सामान्य माणसाला ते लावणे लोकांना बेअदबी वाटे. मग त्यांनी वाट काढली : 'माएल मुइरे'. 'माएल' म्हणजे मुंडन केलेला. ख्रिस्ती संन्यासी डोके भादरत, म्हणून त्याचा अर्थ झाला सेवक. माएल मुइरे म्हणजे मरियमचा सेवक. आपल्याकडची अब्दुल्ला, गुलाम रसूल किंवा रामदास ही नावे आठवून पाहा, ठेवण तीच.

हे नाव स्त्री-पुरुष दोघांचेही असे. पिक्ट लोकांचा राजा किनेथ मॅकअल्पिन याची मुलगी माएल मुइरे ही दोन आयरिश राजांची राणी झाली. 913 साली ती वारली. याच नावाचा एक लेखनिक 'लेबोर ना हुइद्रे' या प्रसिद्ध आयरिश हस्तलिखिताच्या कामात होता. 1106 साली क्लॉनमॅकनॉइसच्या मठात लुटारूंनी त्याला ठार मारले.

पुढे मुलींसाठी 'मॉरे' हे वेगळे रूप आले आणि 17व्या शतकानंतर ते घरोघरी पोहोचले. त्याचेच लाडके रूप म्हणजे 'मॉरीन'. पण 'मुइरे' आजही फक्त हजरत मरियमसाठी राखलेले आहे. एका स्वराच्या फरकाने अदब सांभाळला गेला.

इंग्रजी अमलाखाली कागदोपत्री मॉरेची 'मेरी' झाली, तर माएल मुइरेचा अनेकदा 'माइल्स'. या माइल्समध्ये मरियमही उरली नाही आणि सेवकही. नाव बदलणारा हात कारकुनाचा असतो, पण पुसली जाते ती एका समाजाची श्रद्धा.

तरी सारे पुसले गेले नाही. 1990 मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, 1997 मध्ये मेरी मॅकअलीस. दोघींचेही आयरिश नाव मॉरे. आणि मॅकअलीस या आडनावाचे मूळ आहे 'मॅक गिला ईसा', म्हणजे ईसांच्या सेवकाचा पुत्र. होय, आयरिश भाषेतही उच्चार 'ईसा' असाच आहे.