न सापडलेल्या पक्ष्यांची मोजणी

गोंदिया जिल्ह्यात सारसांची गणना दरवर्षी होते. माणसे पहाटे तळ्यांच्या आणि धानबांध्यांच्या काठी उभी राहून पक्षी मोजतात. सारसाच्याच कुळातल्या हूपिंग क्रेनची हजेरी मात्र दशकानुदशके विमानातून घेतली गेली. तिचा इतिहास आपल्याला उपयोगी आहे, म्हणून हे टिपण.

अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९३७ साली अरान्सास अभयारण्य झाले. १९४१च्या हिवाळ्यात तिथे जेमतेम १५-१६ पक्षी उतरले. ते अंडी घालतात कुठे, हे कॅनडात १९५४ साली कळले. तोवर हिवाळी मोजणी हाच एक धागा होता.

टॉम स्टेन यांनी १९८२ ते २०११ ही मोजणी सांभाळली. तिचे मर्म असे : प्रत्येक जोडी दरसाल आपल्याच दलदलीत उतरते आणि तांबूस पिल्लू पांढऱ्या आईबापांत वेगळे दिसते. त्यामुळे विमानातून घरोघरची हजेरी घेता येई. पिल्लू पुन्हा पुन्हा दिसले नाही, तर ते मेले असे धरत.

२००८-०९च्या दुष्काळात नद्यांचे गोडे पाणी घटले, खेकडे कमी झाले. २७० पक्ष्यांपैकी २३ मेल्याचा हिशेब स्टेन यांनी मांडला. प्रेते सापडली चारच! प्रकरण न्यायालयात गेले. २०१३ साली खालच्या न्यायालयाने हा हिशेब मानून राज्याच्या पाणीवाटपाला दोषी धरले. २०१४ साली अपिलात निकाल फिरला. पाणीवाटप आणि मृत्यू यांतला दुवा फार दूरचा ठरला.

स्टेन यांच्यानंतर पद्धत बदलली. आता ठरावीक रेषांवर उडून, नजरेतून सुटलेल्यांचे गणित करून अंदाज काढतात. २०२२-२३चा अंदाज ५३६ होता. सोबत कमीजास्तीची मर्यादाही देतात. आमच्या कळमन्याच्या बाजारात ढिगाचा नजरअंदाज वेगळा आणि काट्यावरचे वजन वेगळे. दोन्ही लागतात, पण कशाला काय म्हणायचे ते आधी ठरलेले असावे लागते.

सारसही जोडीने राहतो, आपली जागा धरतो. आपले सारस उरलेत मोजके. म्हणून एका दिवसाच्या आकड्यासोबत जोडीनिहाय वहीही हवी : कुठले तळे, किती पिल्ले, कोण आले नाही. एकूण आकडा घट सांगतो. घट कुठल्या बांधावर झाली, ते वहीच सांगेल.